भरलेल्या पंगतीत जागा कशी होते? अनंत शिकवताना काल्पनिक उदाहरणं कशी वापरावीत

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे मी नेमकं कशाला उत्तर देतेय ते स्पष्ट राहील. मुलगी आठवीत आहे. तिला अनंत समजावताना तुम्ही आकाशातले तारे, किनाऱ्यावरची वाळू, समोरासमोर लावलेले आरसे असं सगळं सांगून पाहिलंत. मग जर्मन गणिती हिल्बर्टच्या हॉटेलची गोष्ट व्हिडिओ दाखवून सांगितलीत: अनंत खोल्यांचं हॉटेल, सगळ्या खोल्या भरलेल्या, तरी नव्या पाहुण्याला खोली मिळते. त्यावर ती म्हणाली, "फुल आहे म्हणता आणि जागा आहे म्हणता, म्हणजे काहीतरी खोटं आहे." आता तुम्हाला शंका येतेय की अशी काल्पनिक उदाहरणं मुलांना द्यावीत की नाही.

द्यावीत. माझी तक्रार असलीच तर उलटी आहे. तुमचं काल्पनिक उदाहरण चांगलं होतं, त्याआधीची खरीखुरी उदाहरणं नडली. वाळू घ्या. आर्किमिडीजने हिशोब मांडला होता की अ‍ॅरिस्टार्कस या खगोलज्ञाने कल्पिलेलं, तेव्हाच्या समजापेक्षा कितीतरी मोठं अख्खं विश्व वाळूने भरलं तरी कणांची संख्या १ वर ६३ शून्यं यापेक्षा जास्त होणार नाही. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार असं करत गेलं तर ६४ घरांत मिळून १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५ दाणे होतात. अबब वाटतं, पण मोजून वीस अंक. जैन गणितात जंबूद्वीपाएवढा खड्डा मोहरीच्या दाण्यांनी भरण्याची कल्पना आहे, आणि तेवढं करूनही ते गणिती 'संख्यात' (मोजता येणाऱ्या) या वर्गाच्या टोकाशीच पोचतात. पुढे 'असंख्यात', आणि 'अनंत' त्याच्याही पलीकडे. आरशांचं तर विचारूच नका. प्रत्येक परावर्तनात थोडा उजेड कमी होतो, बऱ्याच प्रतिमांनंतर काच हिरवट दिसायला लागते आणि पुढे अंधार. 'खूप' दाखवणारी उदाहरणं दिली की मुलाच्या डोक्यात अनंत म्हणजे एक फार मोठा आकडा असं बसतं. हे एकदा बसलं की हॉटेल खोटंच वाटणार, कारण कितीही मोठ्या आकड्याइतक्या खोल्या असल्या तरी भरलेल्या हॉटेलात जागा नसतेच. तुमच्या मुलीने तिला दिलेल्या माहितीवरून अचूक निष्कर्ष काढलाय.

पुढे जे सांगतेय ते मुलाच्या तयारीवर अवलंबून आहे, हे आधीच कबूल करते. पाचवीपर्यंतच्या मुलाला 'सगळ्यात मोठी संख्या सांग, मी त्यात एक मिळवते' एवढा खेळ पुरतो; त्यातून 'संपत नाही' हे कळतं आणि तेवढंच कळायला हवं असतं. आठवीतल्या मुलीला परिमेय-अपरिमेय संख्या आल्यात, नववीत लगेच संच येतील, सांत आणि अनंत संच असे शब्दही येतील. तिच्याशी थोडं पुढे जाता येतं. तिला अक्षरांत सूत्र लिहायचा कंटाळा असेल तर सूत्राऐवजी तक्ता करा, बिघडत नाही.

मी हॉटेलऐवजी लग्नाची पंगत घेते. हॉटेल वाईट आहे म्हणून नव्हे. हिल्बर्टने १९२४ च्या सुमारास व्याख्यानात ते वापरलं, त्याच्या श्रोत्यांना ते ओळखीचं असावं. आपल्या मुलांनी हॉटेलात पाहुण्यांना खोली बदलायला सांगितलेलं कधी पाहिलेलं नसतं. पंगतीत मात्र 'जरा सरकून घ्या' हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं.

सुरुवात साध्या पंगतीने करा, अनंत पंगतीने नको. दहा पाट, दहा माणसं. मामा उशिरा आले. सगळ्यांना एकेक पाट पुढे सरकायला सांगितलं. अडलं कोण? पहिला दुसऱ्यावर गेला, दुसरा तिसऱ्यावर, नववा दहाव्यावर. अडला फक्त दहावा. हे तिच्याच तोंडून येऊ द्या, घाई करू नका. शंभर पाट घेतले तर शंभरावा अडतो, लाख घेतले तर लाखावा. म्हणजे 'पंगत भरली आहे' आणि 'आता जागा होणार नाही' ही दोन वेगळी विधानं आहेत. त्यांना जोडणारा दुवा एकच: शेवटच्या पाटावरचा माणूस. ज्या पंगतीला शेवटचा पाट आहे तिथे पहिल्या विधानावरून दुसरं निघतं. आता शेवटचा पाट काढून टाका. प्रत्येक पाटाच्या पुढे एक पाट आहे, बस्स, एवढा एकच नियम. सगळे पाट भरलेले. मामा आले, प्रत्येकजण एक पाट सरकला, पहिला पाट रिकामा झाला. मामांना 'पुढच्या पंगतीला बसा' म्हणायची वेळ आली नाही.

इथे मुलं हमखास विचारतात, "मग शेवटचा कुठे गेला?" याचं उत्तर मी देत नाही. उलट विचारते, त्याच्या पाटाचा नंबर सांग. कुणी म्हणतं एक कोटी. मग एक कोटी एक नंबरच्या पाटावर कोण आहे? दोन-तीन आकडे सांगून झाले की एखादा हुशार म्हणतो, "अनंताव्या पाटावरचा." या उत्तराची वाट पाहायची, कारण खरी गाठ इथे आहे. अनंत नंबरचा पाट नाही. पाट अनंत आहेत, पण एकेका पाटाचा नंबर साधा, वहीत लिहिता येणारा, कधीतरी संपणाऱ्या अंकांचा आहे. माझ्या अनुभवात अनंताबद्दलचे निम्मे घोटाळे ही एक गोष्ट नीट न सांगितल्यामुळे होतात. तिला चार-पाच वेळा वेगवेगळ्या नंबरच्या माणसांबद्दल 'हा कुठे गेला' विचारा. दर वेळी उत्तर येतंय आणि अडलेला माणूस एकही सापडत नाही, हे तिने स्वतः पाहिलं पाहिजे.

दुसरी शंका वेळेची येते, आणि ती मला फार आवडते. वर्गात एकाने विचारलं होतं, "बाई, पण सरका म्हटलेलं सगळ्यांना ऐकू कधी जाणार?" बरोबर आहे. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, पंगत संपत नाही, म्हणजे कोणत्याही क्षणी ज्यांना ऐकू गेलं नाही असे पाहुणे उरणारच. एकाने दुसऱ्याला सांगत गेलं तर आणखी उशीर. तोडगा वर्गानेच काढला: सूचना निमंत्रणपत्रिकेवर आधीच छापायची. 'साडेबाराला उठा, आपल्या नंबरात एक मिळवा, त्या पाटावर बसा.' प्रत्येकाला फक्त एक पाट सरकायचंय, सगळे एकाच वेळी सरकतात, मिनिटभरात काम झालं. हा तोडगा म्हणजे गणिताचा गाभाच आहे. सरकणं ही घटना राहिली नाही, ती एक नियम झाली: नंबर दिला की नवा नंबर मिळतो. काल्पनिक उदाहरण वापरताना मी एवढंच पाहते. चित्र डोळ्यांसमोर उभं राहिलं तर छान, पण त्यातून लिहून दाखवता येईल असा नियम निघाला पाहिजे. ताऱ्यांच्या उदाहरणातून असा नियम निघत नाही, म्हणून ते उदाहरण तिथेच थांबतं.

काल्पनिक म्हणताना कशाला सूट आहे आणि कशाला नाही, हेही तिला आधी सांगून ठेवा. पाट संपत नाहीत, तांदूळ कुठून आले विचारायचं नाही, मांडव कुठे घातला विचारायचं नाही. पण एका पाटावर एकच माणूस, प्रत्येक माणसाला एकच पाट, यात सूट नाही. सूट कुठे दिली ते न सांगता गोष्ट सांगितली तर मुलांना जादूचा प्रयोग पाहिल्यासारखं वाटतं, आणि जादूत फसवणूक असते हे त्यांना ठाऊक असतं.

मामांनंतर वऱ्हाडाची गाडी आणा. तिच्यात अनंत माणसं, सीटला १, २, ३ असे नंबर. एकेक पाट सरकवत बसलं तर काम होणार नाही, कारण कितीने सरकायचं तो आकडाच नाही. इथे तिला झगडू द्या, लगेच सांगून टाकू नका. नियम असा: प्रत्येकाने आपल्या नंबराच्या दुप्पट नंबरावर जायचं. सगळे सम पाटांवर गेले, विषम सगळे रिकामे, वऱ्हाड त्यांवर बसलं. आता तिला विचारा, सम संख्या जास्त की सगळ्या नैसर्गिक संख्या? ती म्हणेल, अर्ध्याच तर आहेत. पण पंगतीतली सगळी माणसं आत्ताच सम पाटांवर मावली, एकही पाट न उरता, एकही माणूस न उरता.

गॅलिलिओ याच ठिकाणी अडला होता. १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्याने १, ४, ९, १६ या वर्गसंख्या आणि सगळ्या नैसर्गिक संख्या अशा जोड्या लावून दाखवल्या आणि म्हटलं की अनंताच्या बाबतीत कमी, जास्त, समान हे शब्दच वापरू नयेत. पुढे १८८८ मध्ये डेडेकिंड या जर्मन गणितीने तीच अडचण व्याख्या म्हणून घेतली: ज्या संचाची त्याच्याच एखाद्या भागाशी (अख्खा संच सोडून) एकास एक संगती, म्हणजे कुणीही न उरता जोड्या, लागते तो अनंत. अडीचशे वर्षं जे विचित्र वाटत होतं ते अनंताचं लक्षण ठरलं. 'खोटं आहे' म्हणणारी तुमची मुलगी गॅलिलिओच्या पंगतीला बसली आहे, हे तिला जरूर सांगा.

मग अनंत गाड्या येतात, प्रत्येकीत अनंत माणसं. आधी पंगतीतल्यांना दुप्पट नंबरावर पाठवून विषम पाट मोकळे करून घ्या. आता गाड्यांतल्यांची एक रांग लावायची. पहिली गाडी पूर्ण उतरवून मग दुसरी, असं करता येत नाही. पहिलीच संपत नाही. म्हणून गाडीचा नंबर आणि सीटचा नंबर यांची बेरीज करायची. बेरीज २ असलेला आधी (तो एकच), मग ३ वाले दोघं, ४ वाले तिघं, असं. एका बेरजेची माणसं मोजकीच, त्यामुळे प्रत्येकाची पाळी येतेच. तिसऱ्या गाडीतला सातव्या सीटवरचा पाहुणा घ्या. बेरीज १०. त्याच्या आधीच्या बेरजांची माणसं १ + २ + … + ८ = ३६. दहाच्या गटात गाडीच्या क्रमाने तो तिसरा, म्हणजे रांगेत ३९ वा. ३९ वी विषम संख्या ७७. त्याचं पान ७७ नंबरच्या पाटावर. हे गणित तिला तिच्या आवडीच्या दोन नंबरांसाठी करायला लावा. नंतर हळूच दाखवा की तिसरी गाडी, सातवी सीट हे ३/७ असंही लिहिता येतं. सगळे धन अपूर्णांक पंगतीत बसले (२/४ आणि १/२ असे एकच अपूर्णांक दोनदा येतात, त्यांना एकदाच पान वाढा). संख्यारेषेवर कोणत्याही दोन बिंदूंमध्ये खचाखच भरलेले अपूर्णांक, आणि नैसर्गिक संख्यांपेक्षा एकानेही जास्त नाहीत.

आतापर्यंतचं एकत्र केलं तर: शेवट नसणं म्हणजे काय, नंबर कायम साधाच असतो, आणि 'तितकेच' याचा अर्थ जोड्या लागणं. इथवर नीट आलं असेल तर मुलांचा तर्क होतो की या पंगतीत काहीही मावतं. तो तर्क मोडायची वेळ आता आली, आणि त्यासाठी उदाहरण बदलायची गरज नाही, हे मला या पंगतीचं सगळ्यात जास्त आवडतं.

आचाऱ्याने अनंत पदार्थ केलेत: पहिला मसालेभात, दुसरा अळूची भाजी, तिसरी जिलेबी, चौथा मठ्ठा, पुढे संपतच नाहीत. प्रत्येक पाहुणा आधीच यादी देतो, प्रत्येक पदार्थापुढे 'हवं' किंवा 'नको'. यजमानांनी ठरवलं की जितक्या प्रकारच्या याद्या शक्य आहेत तितके पाहुणे बोलवायचे, प्रत्येक यादीचा एक, आणि सगळे एकाच पंगतीत बसवायचे. ते म्हणतात, बसवले, या बघायला. आपण पहिल्या पाटावरच्याची यादी घेतो आणि पहिला पदार्थ पाहतो. 'हवं' असेल तर आपल्या वहीत 'नको' लिहायचं, 'नको' असेल तर 'हवं'. दुसऱ्या पाटावरच्याचा दुसरा पदार्थ पाहून उलटं लिहायचं, तिसऱ्याचा तिसरा, असंच पुढे. वहीत एक यादी तयार झाली. हा पाहुणा कुठे बसलाय? पहिल्या पाटावर नाही, मसालेभातावर मतभेद आहे. हजाराव्या पाटावर नाही, हजाराव्या पदार्थावर मतभेद आहे. तो पंगतीत कुठेच नाही, आणि त्याची यादी तर शक्य असलेल्यांपैकीच एक.

"मग त्यालाही सरकवून बसवा की," मुलं लगेच म्हणतात. हा आक्षेप टाळू नका, त्याच्यात दम आहे. जरूर बसवा. पण नव्या पंगतीवरून तीच कृती केली की आणखी एक बाहेर सापडतो. मामांच्या वेळी आधीची पंगत पूर्ण होती आणि नवा माणूस बाहेरून आला. इथे यजमानांचा दावाच असा आहे की कुणी बाहेर नाही, आणि तो दावा कोणत्याही मांडणीत खोटा ठरतो. कँटर या जर्मन गणितीने हा युक्तिवाद १८९१ मध्ये दिला. वास्तव संख्या (संख्यारेषेवरच्या सगळ्या, परिमेय आणि अपरिमेय) नैसर्गिक संख्यांशी जोड्या लावून संपत नाहीत हे त्याने १८७४ मध्येच वेगळ्या वाटेने दाखवलं होतं. मुलगी चौकस असेल तर तिला एक फिरकी टाका: मोजकेच पदार्थ 'हवं' म्हणणारे सगळे मिताहारी एका पंगतीत बसतात का? बसतात. मग तीच उलट लिहायची कृती तिथे का चालत नाही? चालते, पण बाहेर सापडलेला पाहुणा मिताहारी निघत नाही, म्हणून यजमानांचं काही बिघडत नाही. यावर एक संध्याकाळ सहज जाते.

वजाबाकीचा प्रश्न ती विचारेलच, म्हणून तेही. भरल्या पंगतीतून अनंत माणसं उठली, उरली किती? सगळेच उठले तर शून्य. चौथ्या पाटापासून पुढचे उठले तर तीन. सम पाटांवरचे उठले तर अनंत. ∞ − ∞ ला उत्तर का देत नाहीत ते यापेक्षा सरळ मला सांगता येत नाही. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास 'बीजगणित' या ग्रंथात शून्याने भागलेल्या राशीला खहर म्हटलं आणि तिच्यात काही मिळवलं किंवा तिच्यातून काही काढलं तरी ती बदलत नाही, हे सांगायला सृष्टी आणि प्रलयाच्या वेळी जीव अच्युतातून निघतात आणि त्याच्यात शिरतात ती उपमा दिली. मिळवण्याची बाजू पंगतीशी छान जुळते. काढण्याची बाजू तेवढी जुळत नाही, ती वर पाहिलीच. शून्याने भागाकार मात्र आज आपण करतच नाही, त्यामुळे खहर आणि पंगतीतला अनंत एकच समजायला तिला लावू नका.

पोळीचे अर्धे, त्याचे अर्धे, त्याचे अर्धे हे उदाहरण तुम्ही लिहिलं नाहीत, पण कुणीतरी सुचवेलच. ते चांगलं आहे, फक्त त्याच आठवड्यात नको. तिथे तुकडे अनंत आणि बेरीज एकच पोळी. प्रश्न 'किती जण' हा नसून 'बेरीज कुठे पोचते' हा आहे. ०.९९९… आणि १ यांच्यावर वाद सुरू झाला की ते बाहेर काढा.

हॉटेलचा व्हिडिओ पुन्हा दाखवू का, असं तुम्ही शेवटी विचारलंय. दाखवा, पण पंगत झाल्यावर, आणि पाहुणा आला की मध्येच थांबवून तिला २५ नंबरच्या खोलीतल्याचा नवा नंबर विचारा. ती लगेच सांगत असेल तर वहीवर एवढं द्या: पंगत भरलेली आहे, तीन गाड्या एकदम आल्या, प्रत्येकीत अनंत वऱ्हाडी; तुझा नियम लिही. तिचा नियम माझ्यासारखाच असायला हवा असं मुळीच नाही. तुम्ही फक्त दोन गोष्टी तपासा, कुठल्याही एका पाटावर दोघं येत नाहीत ना, आणि कुणी उभं राहत नाही ना. मध्ये काही पाट रिकामे राहिले तर राहू द्या. ते कसे भरायचे हा तिचाच पुढचा प्रश्न असेल.